हमीपत्रावर थांबू नका, मनाई हुकूम मागा



मिरची तोडणीचा हंगाम आला की आमच्या भागातल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. चंद्रपूर-गडचिरोलीचे मजूर तेलंगणात जातात. घरी वयात आलेली पोरगी असली की आई-बापाला चिंता, हिला कोणाच्या भरवशावर ठेवायचं? आमच्या शाळेतून सातवी पास होऊन गेलेल्या एका मुलीचं लग्न असंच ठरलं. तेव्हा ती नववीत होती, वय १५. तिचे बाबा मला म्हणाले, "काय करू जी मॅडम, तिले एकटी ठेवता येते काय?"

१०९८ वर फोन गेला. ग्रामसेवक, अंगणवाडी ताई, पोलीस सगळे आले. लग्न थांबलं. १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, असं हमीपत्र वडिलांनी लिहून दिलं. साक्षीदार म्हणून मीही सही केली आणि आम्ही समाधानाने घरी गेलो. महिन्याभरात नदीपलीकडे नातेवाइकांच्या गावी तिचं लग्न लागलं. हमीपत्र फाईलमध्येच राहिलं.

यात दोष फक्त वडिलांचा नाही. आम्ही अर्ध्यावर थांबलो. पुढचा अर्धा रस्ता न्यायालयात जातो, हे मला माहीतच नव्हतं. डी.एड.च्या दोन वर्षांत हे कोणी शिकवलं नाही. नंतर वाचलं, विचारलं, तेच इथे लिहीत आहे.

बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ चं कलम १३ प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना ठरलेला बालविवाह थांबवण्याचा मनाई हुकूम देण्याचा अधिकार देतं. अर्ज बालविवाह प्रतिबंधक अधिकारी करू शकतो. आपल्या राज्यात गावपातळीवर ही जबाबदारी ग्रामसेवकाकडे आहे. पण ज्याला स्वतःला माहिती आहे, अशी कोणतीही व्यक्ती तक्रार करू शकते. म्हणजे तुम्ही, मी, मुलीची मावशी, शेजारी, कोणीही. न्यायालय स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालविवाहावरील निकालात दंडाधिकाऱ्यांनी असे हुकूम स्वतःहून द्यावेत, मोठ्या मुहूर्तांच्या दिवसांकडे विशेष लक्ष द्यावं, असं सांगितलं आहे.

सुनावणी कशी होते? साधारणपणे न्यायालय आधी समोरच्या पक्षाला नोटीस देतं आणि त्याचं म्हणणं ऐकतं. पण लग्न परवावर आलं असेल तर नोटीस न देताही अंतरिम हुकूम देता येतो. नंतर पालकांना हजर राहून, स्वतः किंवा वकिलामार्फत, हुकूम बदलण्याची वा रद्द करण्याची मागणी करता येते. न्यायालयाने ती मागणी फेटाळली तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. म्हणजे पालकांवर अन्याय होईल अशी ही रीत नाही. हुकूम झाल्याचं माहीत असूनही तो मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र या कलमाखाली स्त्रीला कैदेची शिक्षा होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बालविवाह झाला की तो आपोआप रद्द होतो, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. बहुतेक बालविवाह कायद्याने "रद्द होऊ शकणारे" असतात. म्हणजे मुलीलाच जिल्हा न्यायालयात जाऊन मागणी करावी लागते, तीही सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत. भामरागडच्या मुलीने कडेवर लेकरू घेऊन, लांबचा प्रवास करून न्यायालयात जायचं, सासर-माहेर दोघांच्या विरोधात उभं राहायचं. होईल काय तिच्याने?

पण आधी मनाई हुकूम झालेला असेल, अंतरिम का असेना, आणि तो मोडून लग्न लावलं, तर कलम १४ प्रमाणे ते लग्न सुरुवातीपासूनच रद्दबातल. नदीच्या अलीकडे लावा की पलीकडे. हमीपत्रात ही ताकद नाही. एका पानाच्या हुकमाने लढाईचं ओझं मुलीच्या डोक्यावरून उतरतं.

काही सहकारी म्हणतात, "सर्वांना कोर्टात ओढलं तर गाव तुटेल, उद्या पोरी शाळेत येणार नाहीत." ही भीती खोटी नाही. आपल्याला त्याच गावात राहायचं आहे. म्हणून बोलणं आधी व्हावं, घरी जाऊन, शांतपणे. पण बोलणं झालं म्हणून अर्ज सोडू नये. उलट काही बापांना हुकमाचा आधारच होतो. सोयऱ्यांना सांगता येतं, "माझ्या हातात नाही जी, कोर्टाचा कागद आहे."

हुकमाने लग्न थांबतं, पण हंगामात पोरगी कुठे राहील हा बापाचा प्रश्न तसाच राहतो. त्यासाठी बालकल्याण समिती आहे. लग्नाचा धोका असलेलं बालक बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार "काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक" ठरतं. समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. तिथे कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय किंवा वसतिगृहाची सोय मागता येते. समितीसमोर मुलीला तिच्या भाषेत बोलू द्यावं, हेही आपणच पाहावं. माडिया-गोंडी बोलणारी पोरगी मराठी प्रश्नाला मान हलवते, त्याला होकार समजू नये.

शेवटी आपल्या कपाटातल्या गोष्टीबद्दल. वयाचा वाद निघाला की बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे शाळेचा जन्मतारखेचा दाखला आणि दहावीचं प्रमाणपत्र आधी पाहिलं जातं, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणी. २०२३ मध्ये एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळा सोडल्याचा दाखला वयाच्या पुराव्यासाठी पुरेसा मानला नाही. आणि आपल्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये किती लेकरांची जन्मतारीख १ जून आहे, ते एकदा मोजा. अंदाजाने लिहिलेली ती तारीख उद्या एखाद्या मुलीला वाचवेल किंवा बुडवेल. प्रवेशाच्या वेळीच जन्मदाखला मागा, नसेल तर काढायला मदत करा, आणि नोंद कशाच्या आधारे केली ते लिहा.

एक विनंती. लग्न थांबवल्यावर मुलीचा फोटो, नाव, गाव व्हॉट्सॲपवर टाकू नका. कायद्याने तिची ओळख उघड करता येत नाही.

ती मुलगी मागे बाजारात भेटली. "मॅडम, माझी दहावी राहिली," एवढंच म्हणाली. पुढच्या मुलीच्या वेळी मी साक्षीदाराच्या जागी सही करून थांबणार नाही. तक्रारदाराच्या जागी करीन. तुम्हीही करा.