अनुदानाचा अर्ज आणि मागाचे वेळापत्रक

येवल्यातील विणकरांच्या एखाद्या संस्थेस अनुदानाचा अर्ज करावयाचा झाला, की कागदपत्रे बहुधा आपल्यापैकीच कोणाच्या पेढीवर येतात. रेशमाचा हिशेब ज्याच्या वहीत, अर्जही त्यानेच लिहावा, अशी रीतच पडली आहे. खर्चाचा तक्ता आपण पैशापर्यंत चोख जुळवतो. कार्ययोजनेच्या रकान्यात मात्र ‘कालावधी : बारा महिने’ एवढेच लिहून मोकळे होतो.

केंद्र शासनाच्या राष्ट्रीय हातमाग विकास कार्यक्रमात तालुका पातळीवरील समूहास २ कोटी रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद राहिली आहे. एवढ्या रकमेचे काम प्रथम पायाभूत सर्वेक्षणापासून मांडावे लागते : माग किती, त्यांतील चालू किती, जागा स्वतःची की भाड्याची. त्यानंतर ऋतूंचा विचार. पावसाळ्यात खड्डामागात ओल चढते. शेडचे बांधकाम त्यापूर्वी संपले पाहिजे. प्रशिक्षणाच्या दिवसांत माग थांबतो आणि मजुरीही थांबते. म्हणून विद्यावेतन अखेरीस एकरकमी न देता दरमहा द्यावयाचे, हे योजनेतच लिहावे.

गेल्या वर्षी मी तपासलेल्या एका अर्जात प्रशिक्षण ऐन दिवाळीपूर्वी, मागण्यांच्या गर्दीत ठेवले होते. माझ्या ते ध्यानात आले नाही. कांड्या भरणाऱ्या एका भगिनीने सहज विचारले, “तेव्हा शिकायला येणार कोण?” मग लक्षात आले, की तिच्या कामासाठी तक्त्यात ओळच नव्हती. दोन्ही दुरुस्त्या करून अर्ज पुन्हा लिहिला.