सुराबायाचे पान

इंडोनेशियाच्या स्वातंत्र्ययुद्धाचा विषय निघाला की आपण दोन गोष्टी अभिमानाने सांगतो. १९४७ साली बिजू पटनाईक यांनी डचांना हुलकावणी देऊन नेते सुतान शाहरीर यांना विमानाने बाहेर काढले. आणि जानेवारी १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी दिल्लीत परिषद भरवून डचांच्या आक्रमणाविरुद्ध आशियाचा आवाज उठवला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यांच्या आधीचे एक पान आपण न वाचताच उलटतो, अशी माझी तक्रार आहे.

१७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नो व हत्ता यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. जपान हरला होता आणि जुने धनी डच परत येण्याच्या तयारीत होते. मधल्या काळात जपान्यांची शस्त्रे काढून घेण्याचे काम इंग्रजांकडे आले. त्यांनी पाठवले कोणाला? हिंदी शिपायांना! २५ ऑक्टोबरला जावामधील सुराबाया बंदरात ४९ वी हिंदी ब्रिगेड उतरली. तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन पलटणी होत्या. शहरातील तरुणांना शस्त्रे खाली ठेवण्याचा हुकूम सुटला. त्यांनी तो मानला नाही. २८ तारखेला लढाई पेटली. शहरभर विखुरलेल्या लहान लहान तुकड्या वेढल्या गेल्या आणि आपली कितीतरी माणसे तेथे पडली. ३० तारखेला ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले. १० नोव्हेंबरपासून इंग्रजांनी तोफा व विमानांनी शहर भाजून काढले. तो दिवस इंडोनेशियात आजही वीरदिन म्हणून पाळतात.

जो स्वतः गुलाम, त्यालाच दुसऱ्याच्या मुक्तीवर बंदूक रोखायला लावायची, याहून मोठी क्रूर थट्टा कोणती? नेहरूंनी तेव्हाच याचा निषेध केला होता. काही हिंदी शिपाई तर इंडोनेशियनांना जाऊन मिळाले. मग उरलेल्यांना आपण काय म्हणायचे? देशद्रोही? मला ते पटत नाही. आपल्याकडे कोरडवाहू शेतीत भागेना, म्हणून घरातला एक मुलगा पलटणीत जाई. हुकूम त्याचा नव्हता, शत्रू त्याने निवडला नव्हता. मेला मात्र तो.

डचांनी आपल्या मोठ्या लष्करी मोहिमांना ‘पोलिसी कारवाई’ असे साळसूद नाव दिले. २७ डिसेंबर १९४९ रोजी त्यांना सत्ता सोडावी लागली. परंतु त्या युद्धातील अतिरेकी हिंसेबद्दल त्यांच्या पंतप्रधानांनी माफी मागितली ती २०२२ साली! खरे बोलायला त्यांना सत्तरांवर वर्षे लागली.

आपल्याकडे कोणी माफी मागत नाही, आणि त्या शिपायाने ती द्यावी असेही मी म्हणत नाही. माझे मागणे लहान आहे. बिजूबाबूंच्या विमानाची गोष्ट सांगताना सुराबायाच्या रस्त्यावर पडलेल्या मराठा शिपायाचीही सांगावी, आणि त्याच्यासमोर पडलेल्या त्या अनोळखी तरुणाचीही. अभिमानाची पाने तेवढी पाठ करायची असतील, तर इतिहासाचा तास हवा कशाला?