पंधरा वर्षांची रांग आणि अमेरिकेचे उपदेश

नागरिकत्व सुधारणा कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी अधिसूचित झाले आणि अवघ्या तीन दिवसांत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याला चिंता वाटू लागली. या कायद्याच्या अंमलबजावणीवर आमचे बारकाईने लक्ष आहे, असे त्याने पत्रकारांना सांगितले. आपल्याकडील पुरोगाम्यांना तेवढे पुरेसे होते. निर्वासितांशी कसे वागावे, हे भारताने अमेरिकेकडून शिकावे, असा सूर लावणारे लेख लगोलग प्रसिद्ध झाले. शिकण्याला आमची हरकत नाही. मात्र गुरूचे प्रगतिपुस्तक पाहण्याचा अधिकार शिष्याला असतो. तेव्हा अमेरिकेने आपल्या दाराशी आलेल्या आश्रितांना कायमच्या वास्तव्यासाठी किती काळ ताटकळत ठेवले, याचा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे.

अमेरिकेचा निर्वासितविषयक कायदा १९८० चा. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने पीडितांचे दोन वर्ग केले. परदेशात निवड करून अमेरिकेत आणले जातात ते निर्वासित; स्वतःच्या हिमतीवर अमेरिकेच्या भूमीवर पोहोचून आश्रय मागतात आणि छळाचे भय सिद्ध करून तो मिळवतात ते आश्रित. दोघांचेही दुःख एकच, दोघांनाही एका वर्षानंतर कायम वास्तव्याचा, म्हणजे ग्रीन कार्डाचा मार्ग खुला. पण पहिल्या वर्गाला ग्रीन कार्ड देण्यावर संख्येचे बंधन नव्हते, तर दुसऱ्या वर्गासाठी प्रारंभी वर्षाला ५,००० आणि १९९० च्या कायद्यानंतर १०,००० अशी कमाल मर्यादा घालण्यात आली. या १०,००० मध्ये अर्जदाराची पत्नी आणि मुलेही मोजली जात. चौघांच्या कुटुंबाला चार क्रमांक लागत.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून वर्षाला वीस हजारांहून कितीतरी अधिक लोकांना आश्रय मंजूर होऊ लागला. ज्या हौदात दोन नळ सोडले आहेत आणि ज्याला पाणी जायला एकच बारीक भोक आहे, त्याचे काय होते, हे चौथीतला मुलगाही सांगेल. नेब्रास्का राज्यातील लिंकन येथील केंद्रात अर्जांचे ढीग साचत गेले आणि २००४-०५ पर्यंत ही प्रतीक्षायादी दीड लाखाच्या पुढे गेली.

आता आपला क्रमांक केव्हा येणार, याचा अंदाज अर्जदाराने कसा बांधावा? रीत साधी आहे. आपल्यापुढे किती जण उभे आहेत ते पाहावे आणि त्या संख्येला वार्षिक मर्यादेने भागावे. दीड लाखाला दहा हजारांनी भागले की पंधरा येतात. म्हणजे २००३ मध्ये ज्याला आश्रय मिळाला, त्याने वर्षभर थांबून २००४ मध्ये अर्ज करायचा आणि २०१९ ची वाट पाहायची. ग्रीन कार्डावरची तारीख एक वर्ष मागे नेण्याची सवलत कायद्यात आहे, ती धरली तरी नागरिकत्वाला आणखी चार वर्षे. चाळिशीत आलेला माणूस साठीला टेकल्यावर त्या देशाचा नागरिक होणार! जगाला मानवाधिकारांचे धडे देणाऱ्या महासत्तेचे हे गणित आहे.

आणि हा अंदाजसुद्धा फसवा होता, कारण तो भाजकच खरा नव्हता. सरकारी वर्ष ३० सप्टेंबरला संपते. त्या तारखेपर्यंत १०,००० क्रमांक वापरले गेले नाहीत, तर उरलेले वाया जात. मिनेसोटातील संघीय न्यायालयात आश्रितांनी सामूहिक दावा दाखल केला, तेव्हा अनेक वर्षे मिळून असे वीस हजारांहून अधिक क्रमांक प्रशासनाने वाया घालवल्याचे उघड झाले. २००४ मध्ये न्यायालयाने सरकारविरुद्ध निर्णय दिला आणि २००५ च्या तडजोडीत सरकारला ३१,००० क्रमांक देण्याचे मान्य करावे लागले. एकीकडे लोक दारात उभे आणि दुसरीकडे ताटातले अन्न फेकले जात आहे, असा हा प्रकार होता. रांगेतल्या माणसाने कितीही अचूक भागाकार केला, तरी खिडकीमागचा कारकून किती अर्ज उचलतो, हे त्याला कधीच कळत नाही.

या प्रतीक्षेची किंमत कोणी मोजली? १९९६ च्या अमेरिकी कायद्याने वृद्ध आणि अपंग आश्रितांना मिळणाऱ्या निर्वाहवेतनावर कालमर्यादा घातली. पुढे ती सात वर्षे झाली. तेवढ्या मुदतीत नागरिक व्हा, नाही तर वेतन बंद. ग्रीन कार्डालाच सात वर्षांहून अधिक काळ लागत असेल, तर नागरिक व्हायचे कसे? एका कायद्याने दार बंद करायचे आणि दुसऱ्या कायद्याने दाराबाहेर राहिल्याची शिक्षा द्यायची, हा न्याय कोणता? छळातून सुटून आलेल्या, कष्ट करण्याची शक्ती गमावलेल्या वृद्धांच्या तोंडचा घास त्यामुळे गेला.

ही मर्यादा ११ मे २००५ रोजी रियल आयडी कायद्याने रद्द झाली. पंचवीस वर्षांनी का होईना, अमेरिकेला शहाणपण सुचले, याची नोंद प्रामाणिकपणे केली पाहिजे. पण त्याआधी घडलेली एक गोष्ट आपले पुरोगामी कधीच सांगत नाहीत. ती म्हणजे या रांगेतून काही जणांना संसदेने बोट धरून बाहेर काढले होते.

ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकी संसदेने सीरियातील आश्रितांसाठी एक कायदा केला. त्याने २,००० जणांना वार्षिक मर्यादेच्या बाहेर ठेवले. हे आश्रित कोण? सीरियाचे ज्यू नागरिक, ३१ डिसेंबर १९९१ नंतर अमेरिकेत आलेले. देशाचे नाव, धर्माचे नाव आणि तारीख, तिन्ही गोष्टी कायद्यात स्पष्ट लिहिलेल्या! त्याआधी १९८९ च्या लॉटेनबर्ग दुरुस्तीने सोव्हिएत संघातील ज्यू आणि इव्हँजेलिकल ख्रिश्चनांना निर्वासित ठरवण्याचे निकष सैल केले; २००४ मध्ये इराणमधील ज्यू, ख्रिश्चन आणि बहाई यांनाही त्यात घेतले. या कायद्यांना आमचा मुळीच विरोध नाही. धर्मामुळे ज्याचा छळ होतो, त्याला धर्माचे नाव घेऊनच आधार द्यावा लागतो. रोगाचे नाव न घेता औषध देता येत नाही. प्रश्न एवढाच आहे, की वॉशिंग्टनमध्ये जी करुणा ठरते, ती दिल्लीत भेदभाव कशी होते?

यावर उत्तर ठरलेले आहे. अमेरिकेत आश्रयाचा मूळ मार्ग सर्वधर्मीयांना खुला आहे, सीरियातील ज्यूंना केवळ रांगेत पुढे घेतले, असे सांगितले जाईल. मान्य. मग भारताने तरी दुसरे काय केले? नागरिकत्वाचा सर्वसाधारण मार्ग २०१९ च्या कायद्याने बंद केला नाही. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांसाठी वास्तव्याची अट अकरा वर्षांवरून पाच वर्षांवर आणली. म्हणजे रांगेचीच लांबी कमी केली.

मात्र गुरूचा दोष दाखवताना आपले घरही झाडले पाहिजे. डिसेंबर २०१९ मध्ये संमत झालेल्या कायद्याचे नियम यायला मार्च २०२४ उजाडला. दिल्लीत पहिली चौदा प्रमाणपत्रे दिली गेली ती १५ मे २०२४ रोजी. जोधपूरच्या वस्त्यांत आणि दिल्लीच्या मजनू का टिला येथे दिवस काढणाऱ्या सिंधी, भिल्ल, मेघवाल बांधवांनी ही चार वर्षे कशी काढली असतील? ३१ डिसेंबर २०१४ नंतर जे आले, त्यांच्यासाठी तर ही खिडकी उघडलेलीच नाही. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने २०२४ अखेरपर्यंत आलेल्यांना वैध कागदपत्रांअभावी होणाऱ्या कारवाईतून अभय दिले, पण अभय म्हणजे नागरिकत्व नव्हे. महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. २०१६ मध्येच नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे येथील जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जांविषयीचे अधिकार देण्यात आले होते, कारण सिंधमधून आलेली कुटुंबे येथेही कागदांच्या प्रतीक्षेत होती.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यात किती अर्ज आले, किती निकाली निघाले आणि सर्वांत जुना प्रलंबित अर्ज कोणत्या तारखेचा आहे, हे गृह मंत्रालयाने दरमहा जाहीर करावे. जो आपली भूमी सोडून धर्म टिकवण्यासाठी येथे आला, त्याला किमान भागाकार करता येईल एवढी माहिती मिळालीच पाहिजे. अमेरिकेने आपल्या आश्रितांना पंधरा वर्षांच्या रांगेत उभे केले. त्या मार्गाने आपल्याला जायचे नाही. हिंदूंना हक्काने परतता येईल अशी भूमी जगात ही एकच आहे, आणि घरी परतलेल्या माणसाला ओसरीवर ताटकळत ठेवणे ही आपली रीत नव्हे.