लवकर आलेली मते, न आलेले मतदार

अमेरिकेची पुढची मध्यावधी निवडणूक ३ नोव्हेंबर २०२६ रोजी आहे. अध्यक्षाच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मध्यावर, ठरल्या तारखेला येणारी ही निवडणूक. सरकार पडण्याशी तिचा संबंध नसतो. जॉर्जिया राज्यात या वेळी चुरस दुहेरी आहे. राज्यपाल ब्रायन केम्प यांना सलग तिसऱ्यांदा उभे राहता येत नाही, म्हणून ती खुर्ची मोकळी. शिवाय सिनेटर जॉन ऑसॉफ यांची जागाही मतदारांपुढे आहे. ऑक्टोबरात तिथे आगाऊ मतदान सुरू होईल आणि पहिल्याच संध्याकाळी ‘विक्रमी’ हा शब्द मथळ्यात यायची शक्यता दाट आहे. त्याआधी मागच्या दोन मध्यावधींचा हिशेब तपासून ठेवलेला बरा.

१७ ऑक्टोबर २०२२ या पहिल्या दिवशी जॉर्जियात १ लाख ३१ हजारांहून अधिक लोकांनी केंद्रावर जाऊन मत दिले. २०१८च्या मध्यावधीत पहिल्या दिवसाचा आकडा ७१ हजारांच्या आसपास होता. आगाऊ मतदानाची मुदत संपली तेव्हा टपाली मतांसह एकूण आकडा २५ लाखांवर गेला होता. चार वर्षांपूर्वी तो २१ लाखांच्या घरात होता. चार लाखांची ही वाढ कोणाच्याही डोळ्यांत भरावी अशीच.

ती अधिक भरली, कारण मध्ये एक कायदा आला होता. २५ मार्च २०२१ रोजी केम्प यांनी ‘एसबी २०२’वर सही केली. टपाली मतासाठी ओळखपत्राचा क्रमांक सक्तीचा झाला, अर्ज करण्याची मुदत आखडली, रांगेतल्या मतदारांना पाणी-खाऊ वाटण्यावर बंदी आली. मतपत्रिका टाकण्याच्या पेट्या अटलांटा परिसरातल्या चार मोठ्या काउंटींत शंभरावर होत्या, त्या पंचवीसच्या आसपास उरल्या. तत्कालीन अध्यक्ष बायडेन यांनी या कायद्याची तुलना थेट जिम क्रो काळाशी, म्हणजे दक्षिणेत काळ्या नागरिकांना मतपेटीपासून दूर ठेवणाऱ्या जुन्या व्यवस्थेशी केली. मेजर लीग बेसबॉलने आपला ऑल-स्टार सामना अटलांटाहून डेन्व्हरला हलवला. त्यामुळे २०२२चे आकडे येताच कायद्याच्या समर्थकांनी विचारले, कुठे आहे तुमची मतदान-दडपणूक? त्यावर विरोधकांचे उत्तर होते, हा तर मतदारांनी अडथळ्यांवर मात केल्याचा पुरावा. आकडा एकच आणि दोन्ही बाजूंना तो आपलाच वाटला.

अडचण एवढीच की दोघेही अर्धाच आकडा वाचत होते. २०१८मध्ये जॉर्जियात एकूण मतदान साडेएकोणचाळीस लाखांच्या जवळ झाले. २०२२मध्ये? सुमारे ३९ लाख ६५ हजार. म्हणजे आगाऊ मते चार लाखांनी वाढली आणि एकूण मते जवळपास तिथल्या तिथे राहिली. लग्नाला पाहुणे तेवढेच आले. बरेच जण सीमांतपूजनालाच हजर झाले, इतकेच. निवडणुकीच्या दिवशी केंद्रांवर जी गर्दी झाली असती, ती तीन आठवड्यांत विभागली गेली.

लोक लवकर का आले, याला कारणे आहेत. २०१८च्या मतदानाच्या दिवशी अनेक केंद्रांवर तासन्‌तास रांगा लागल्या होत्या. ग्विनेट काउंटीतल्या एका शाळेच्या केंद्रावर यंत्रे आली, पण त्यांच्या विजेच्या वायरीच आल्या नव्हत्या. बॅटऱ्या उतरल्या आणि माणसे ताटकळली. असा अनुभव घेतलेला मतदार पुढच्या वेळी शेवटच्या दिवसावर विसंबत नाही. २०२०च्या महासाथीने आधी मत देण्याची सवय लावली. आणि ज्या कायद्यावर एवढे वादळ उठले, त्यानेच आगाऊ मतदानासाठी एकाऐवजी दोन शनिवार सक्तीचे केले. हे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

अधुऱ्या आकड्यावरून भांडण्यात आपणही मागे नाही. २० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्रात संध्याकाळी पाचपर्यंतचे मतदान ५८.२२ टक्के आणि अंतिम ६६.०५ टक्के, या दोहोंमधल्या फरकावर आपल्याकडे किती महिने वाद रंगला, हे वाचकांना सांगायला नको.

जॉर्जियात खरा धडा मात्र डिसेंबर २०२२च्या दुसऱ्या फेरीत दडला आहे. नोव्हेंबरात सिनेटच्या लढतीत कोणालाच पन्नास टक्के मिळाले नाहीत, म्हणून राफाएल वॉर्नॉक आणि हर्शेल वॉकर यांच्यात पुन्हा सामना झाला. नव्या कायद्याने दोन फेऱ्यांमधले अंतर नऊ आठवड्यांवरून चारवर आणले होते. त्यामुळे सर्व काउंटींत सक्तीचे असे आगाऊ मतदानाचे जेमतेम पाच दिवस राहिले. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी केंद्रे उघडू द्यावीत यासाठी न्यायालयात जावे लागले आणि न्यायालयाने परवानगी दिल्यावरही १५९ काउंटींपैकी थोड्याच काउंटींनी ती वापरली. सोमवारी, २८ नोव्हेंबरला, एका दिवसात तीन लाखांवर मते पडली. पुन्हा विक्रम! पण संपूर्ण मुदतीचा आकडा सुमारे १९ लाख. जानेवारी २०२१च्या दुसऱ्या फेरीत हाच आकडा ३१ लाखांच्या आसपास होता. ती लढत सिनेटमधले बहुमत ठरवणारी होती आणि महासाथीमुळे टपाली मतांचाही पूर आला होता, त्यामुळे सगळी घट कायद्याच्या माथी मारता येणार नाही. तरीही दिवस कमी केले की रोजची गर्दी वाढते, हे कळायला संख्याशास्त्र लागत नाही. त्या सोमवारचा विक्रम हा उत्साहाइतकाच आखडलेल्या मुदतीचाही होता. त्याची जाहिरात सोयीचा पुरावा म्हणून करणे ही आमच्या मते दिशाभूल आहे.

आगाऊ आकड्यांवरून कोण जिंकणार हे सांगणाऱ्यांनाही जरा जपूनच ऐकावे. जॉर्जियात मतदार नोंदणी करताना पक्ष सांगत नाही. वंशाची नोंद मात्र अर्जावर होते. त्यामुळे कोणत्या पक्षाचे किती लोक आले हा अंदाज वंश, वय आणि प्राथमिक फेरीतल्या सहभागावरून बांधलेला असतो.

टक्केवारीकडे वळले की चित्र आणखी पालटते. २०१८मध्ये नोंदणीकृत सक्रिय मतदारांपैकी सुमारे ६१ टक्क्यांनी मत दिले, २०२२मध्ये सुमारे ५७ टक्क्यांनी. विक्रमाच्या वर्षी टक्का घसरला. २०१६पासून वाहन परवान्यासोबत आपोआप नोंदणी होऊ लागल्याने यादी फुगली, हे त्याचे एक कारण. ज्यांना मुळात मतदानात रस नाही अशीही नावे तिच्यात आली. पण गोऱ्या आणि काळ्या मतदारांच्या सहभागातली दरी या चार वर्षांत रुंदावली, याचे उत्तर केवळ यादीच्या फुगवट्यात सापडत नाही. कायद्याची परीक्षा घ्यायची तर ती तिथे घ्यावी.

म्हणून ऑक्टोबरात जॉर्जियाचे आकडे येतील तेव्हा वाचकांनी घाई करू नये. किती दिवस केंद्रे उघडी होती, यादीत किती नावे आहेत आणि शेवटी एकूण किती मते पडली, हे तिन्ही हाती आल्यावरच तुलना करावी. २०१८मध्ये नोंदणी असूनही जॉर्जियातले सुमारे २५ लाख लोक मतदानाला आले नाहीत. आगाऊ मतदानाचा विक्रम झालेल्या २०२२मध्ये न आलेल्यांची संख्या ३० लाखांच्या जवळ पोहोचली होती.