विश्लेषण : तिजोरी ‘फोडायची’ की ‘उघडायची’?

पुरीच्या जगन्नाथ मंदिरातील रत्नभांडार १४ जुलै २०२४ रोजी उघडण्यात आले. १९७८ नंतर तेथील दागिन्यांची मोजदाद झालेली नव्हती. बाहेरचे दालन किल्लीने उघडले. आतल्या दालनाची तीन कुलुपे मात्र उपलब्ध किल्ल्यांना दाद देईनात. शेवटी दंडाधिकाऱ्यांच्या समक्ष ती तोडावी लागली. या दालनाच्या किल्ल्या सापडत नसल्याचे २०१८ मध्येच उघड झाले होते आणि त्यावरून ओडिशाचे राजकारणही तापले होते. त्या दिवशी तोडण्यावाचून इलाज नव्हता, हे मान्य करता येईल. पण मधली सहा वर्षे चर्चा झाली ती किल्ली कोणाकडे गेली याचीच. कुलूप न तोडता कसे उघडायचे, हा प्रश्न मागेच राहिला.

घरोघरी यापेक्षा वेगळे घडत नाही. आजोबा जातात, तिजोरीची किल्ली सापडत नाही, वारसांना घाई असते आणि नाक्यावरचा गॅस कटरवाला तासाभरात हजर होतो.

तिजोरी उघडत का नाही?

बहुतेक वेळा कारण साधे असते. दारामागे कागदपत्रे कोंबल्याने आतले दांडे दाबले जातात आणि मूठ फिरत नाही. दार नीट आत रेटून मूठ फिरवली तर काम होते. इलेक्ट्रॉनिक तिजोरीत बॅटरी संपलेली असते. बऱ्याच मॉडेलमध्ये बाहेरून वीज देण्याची सोय असते, पण ती माहितीपुस्तिकेत लिहिलेली असते आणि पुस्तिका तिजोरीच्याच आत असते!

जुन्या लिव्हरच्या कुलपांचा शत्रू म्हणजे खोबरेल तेल. किल्ली अडली की आपल्याकडे पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. दोन दिवस बरे वाटते, मग त्यावर धूळ बसते आणि चिकट थर साचतो. अशा कुलपात किल्लीने प्रत्येक लिव्हर ठरावीक उंचीपर्यंतच उचलला जावा लागतो, थोडा कमीही नाही आणि जास्तही नाही. चिकटलेला एक लिव्हर सगळे अडवतो. झिजलेल्या किल्लीवरून बनवलेली दुसरी किल्ली ती झीज जशीच्या तशी उचलते, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही.

म्हणून चांगला कारागीर आधी हत्यार काढत नाही, प्रश्न विचारतो. शेवटची कधी उघडली होती? किल्ली अर्धी फिरते की अजिबात नाही? भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी आठवणींत लिहिले आहे, की लॉस अलामॉसच्या अणुप्रकल्पातील एका अधिकाऱ्याची भक्कम तिजोरी तिथल्या कुलूपवाल्याने कारखान्यातून येणारे मूळ आकडे लावून उघडली. मालकाने ते कधी बदललेच नव्हते. तीन चाकांच्या, शंभर आकड्यांच्या डायलवर कागदोपत्री दहा लाख जोड्या होतात. जाणकाराला त्यातल्या फार थोड्या तपासाव्या लागतात.

कटरने नेमके काय बिघडते?

दार कापले जाते, हे दिसणारे नुकसान. न दिसणारे मोठे असते. अग्निरोधक तिजोरीचे एक प्रचलित अमेरिकी मानक आतले तापमान सुमारे १७७ अंश सेल्सियसच्या वर जाऊ नये असे सांगते, कारण त्यापुढे कागद टिकेल याची खात्री नसते. गॅस कटरची ज्योत तीन हजार अंशांच्या घरातली. तिजोरीत सोन्यापेक्षा सातबारा, इच्छापत्र आणि जुनी खरेदीखतेच जास्त असतात, त्यामुळे घाई कोणाच्या मुळावर येते हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट अधिक गमतीची. चांगल्या तिजोरीत एक राखीव पहारेकरी असतो. कुलपावर घाव बसला किंवा चुकीच्या जागी ड्रिल घुसले, की स्प्रिंगवर ताणलेले जादा खटके सुटतात आणि दार पहिल्यापेक्षा घट्ट बंद होते. काही तिजोऱ्यांत यासाठी काचेची पट्टी असते, ती फुटली की खटके पडतात. मग अर्ध्या दिवसाच्या कामाला दोन दिवस लागतात आणि अनुभवी माणूसही डोक्याला हात लावतो.

ड्रिल वापरले म्हणजे कारागीर कच्चा, असाही समज आहे. तो चुकीचा आहे. मोजून पाडलेले एक बारीक छिद्र, त्यातून कॅमेऱ्याची नळी घालून पाहणे, काम झाल्यावर कठीण पोलादाने ते बुजवणे आणि नवे कुलूप बसवणे, हीही उघडण्याचीच रीत आहे. तिजोरी पुन्हा वापरात येते की नाही, ही खरी कसोटी.

बँकेला नियम, घराला काहीच नाही

कोलकात्यातील एका ग्राहकाचा लॉकर त्याला न कळवता फोडल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये बँकेला पाच लाखांची भरपाई द्यायला लावली आणि रिझर्व्ह बँकेला सहा महिन्यांत नियम करण्यास सांगितले. त्याच वर्षी १८ ऑगस्टला ते आले. ग्राहकाने किल्ली हरवली तर लॉकर बँकेने किंवा तिच्या अधिकृत कारागिरानेच उघडायचा, शेजारच्या लॉकरला धक्का लागता कामा नये आणि आतल्या वस्तू ग्राहकाखेरीज कोणाला दिसता कामा नयेत, असे त्यात स्पष्ट आहे. कुलूप बदलण्याचा खर्च मात्र ग्राहकाचा. तो रास्तही आहे, कारण हरवलेली किल्ली कोणाच्या हाती लागेल हे सांगता येत नाही.

घरच्या तिजोरीला यातले काहीच लागू नाही. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये कुलूपवाल्याला परवाना लागतो. ब्रिटनमध्ये सरकारी परवाना नाही, पण व्यावसायिकांची संघटना तपासणी करून सदस्यत्व देते. आपल्याकडे चावीवाल्याची ओळख म्हणजे त्याच्या सायकलला लटकणारा किल्ल्यांचा जुडगा. शिकलगार समाजातील अनेकजण हे काम पिढ्यान्‌पिढ्या करतात. सोसायटीत चोरी झाली की संशयाची सुई आधी चावीवाल्याकडेच वळते. पोलीस ठाण्यात साधी नोंदणी, ग्राहकाच्या मालकीचा पुरावा पाहिल्याची सही आणि पावती एवढे झाले तरी ग्राहकाइतकाच फायदा या कारागिरांचा होईल.

पैसे कशाचे द्यायचे?

लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कारागिराने अभेद्य समजले जाणारे ब्रामा कुलूप उघडून दोनशे गिनींचे इनाम मिळवले. सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले. पंचांनी नंतर खात्री केली ती कुलूप शाबूत असल्याची.

आज तेच काम कोणी वीस मिनिटांत केले, तर ग्राहक कुरकुरतो : एवढ्याशा कामाचे एवढे पैसे? ठिणग्या उडवत दोन तास खपणाऱ्याला मात्र तो न बोलता पैसे देतो, वर चहाही पाजतो. न फोडता उघडणाऱ्याला चार पैसे जास्त पडतात, पण नव्या तिजोरीचा खर्च वाचतो. हा हिशेब ग्राहकाला पटेपर्यंत तरुण कारागीर तरी हे शिकण्यात वर्षे का घालवतील? ग्राइंडर चालवायला एका दिवसात येतो.