परभणीची क्रांती

बियाण्याच्या दुकानात कुणी 'परभणी क्रांती द्या' म्हणालं, तर तुम्हाला काय वाटेल? एखादं वर्तमानपत्र? मोर्चाचं पत्रक? छे! ती आहे भेंडी. डब्यात भेंडी दिसली की नाक मुरडणाऱ्यांनीसुद्धा आज पुढे वाचा, कारण गोष्ट भाजीची कमी आणि हट्टी मास्तरांची जास्त आहे.

भेंडीला एक वाईट रोग होतो. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात आणि हिरव्या पानावर पिवळी जाळी विणल्यासारखी दिसते. पुढे सगळं पानच पिवळं होतं, भेंड्या लहान, निबर आणि फिकट राहतात. शेतकरी याला हळद्या म्हणतात, कुणी केवडा म्हणतात. १९२४ साली कुलकर्णी नावाच्या शास्त्रज्ञांनी आपल्याच मुंबई इलाख्यात याची पहिली नोंद केली. १९४० मध्ये पुण्याच्या उप्पल, वर्मा आणि कपूर या तिघांनी दाखवलं, की हा रोग विषाणूचा आहे. तो पसरवते पांढरी माशी. आजारी झाडाचा रस पिते, उडून निरोगी झाडावर बसते, की झालं काम.

आता तुम्ही म्हणाल, मग औषध फवारा की! इथंच घोडं अडतं. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा आला. लोक बटाट्यावरच जगत होते. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि रोगराईनं गेली. पिकांच्या रोगांचा नीट अभ्यास व्हायला हवा, हे जगाला पटलं ते या दुष्काळामुळं. जर्मनीतले प्राध्यापक अँटोन डी बॅरी यांनी तो करपा कशामुळं होतो, हे १८६१ मध्ये दाखवलं. पुढे फ्रान्समध्ये मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण निघालं आणि ते बटाट्यालाही लागू पडलं. पण विषाणू पडला झाडाच्या आत. पानावरून धुतला जाणारा तो नव्हे. रोगी झाड बरं करणारं औषधच नाही. माशी मारायची, रोगी झाड उपटायचं, नाहीतर रोग होणारच नाही असं झाड शोधायचं.

दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी 'पुसा सावनी' नावाची भेंडी काढली होती. सुरुवातीला ती हळद्यापुढे टिकली. मग हळूहळू तीही पिवळी पडू लागली.

परभणीला १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं. (२०१३ पासून त्याच्या नावात वसंतराव नाईकांचं नाव आहे.) तिथल्या एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी भेंडीची एक चुलत बहीण धरली, 'मॅनिहॉट' नावाची. तिला हळद्या होत नव्हता. पण भाजी म्हणून खायला आपली भेंडीच हवी. म्हणून दोघींचा संकर करायचा.

संकर कसा करतात, सांगू? भेंडीचं फूल फक्त एक दिवसाचं. सकाळी उमलतं, संध्याकाळी कोमेजतं. म्हणून उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी हेरायची, अलगद उघडून तिचे परागकोष काढून टाकायचे आणि वर कागदी पिशवी बांधायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचे परागकण त्यावर टेकवायचे. असं एक नाही, शेकडो कळ्यांना. इतकं करूनही दूरच्या नात्यातला संकर असल्यानं बी धड धरत नाही. जे रोप जगेल, ते पुन्हा पुसा सावनीशी जोडायचं, पेरायचं, निवडायचं, पुन्हा पेरायचं. पिवळं पडलं ते उपटायचं. वर्षामागून वर्षं!

१९८१ मध्ये या दोघांनी प्रसिद्ध केलं, की ही प्रतिकारशक्ती एकाच प्रभावी जनुकामुळं येते. शाळेत मेंडेलचा वाटाणा शिकलात ना? तेच गणित. आणि १९८६ साली अमेरिकेतल्या एका शास्त्रीय नियतकालिकात 'परभणी क्रांती'ची माहिती छापून आली. नेरकर सर पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

आई-बाबांसाठी दोन ओळी: बारावी सायन्सनंतर बी.एस्सी. (कृषी), चार वर्षं. मग एम.एस्सी.ला वनस्पतिरोगशास्त्र किंवा वनस्पती पैदासशास्त्र, मग पीएच.डी. वर्गात फळा आणि बाहेर शेत, अशी दुहेरी नोकरी. उन्हाची सवय मात्र लागते.

आणि क्रांतीचं काय झालं? खरं सांगायचं तर तिचीही गत पुसा सावनीसारखीच झाली. विषाणूही रूपं बदलतात. काही वर्षांनी कित्येक ठिकाणी क्रांतीच्या शिरा पिवळ्या दिसू लागल्या. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वाईट वाटलं होतं. एवढी मेहनत पाण्यात? पण मधल्या वर्षांत शेतकऱ्यांनी जी भेंडी बाजारात नेली, ती तर कुणी परत नेली नाही ना! आणि नव्या जातींचा शोध आजही चालूच आहे.

भेंडीचं शेत किंवा कुंडीतलं एखादं झाड जवळ असेल, तर उद्या सकाळी पान हळूच उलटून पाहा. तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक पांढरे ठिपके भुर्रकन उडाले, तर ओळखा कोण ते. शिरा हिरव्या आहेत की पिवळ्या, तेही बघा आणि मला पत्रानं कळवा.