हरलात? मग आधी मोबाईल खाली ठेवा!

परवा एक गृहस्थ सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. तक्रार डोकेदुखीची आणि चिडचिडीची. "डॉक्टरसाहेब, याचा तो गोळीबाराचा खेळ बंद करा," वडील म्हणाले. मुलगा पुटपुटला, "टीममधली पोरं नीट खेळत नाहीत, म्हणून हरतो." चौकशीत कळले, 'बीजीएमआय'चा एक डाव हरला की रागाच्या भरात दुसरा, मग तिसरा; असे रात्रीचे दोन वाजतात.

खेळ बंद करावा, या मताचा मी नाही. 'पब्जी मोबाईल'वर २०२० मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये 'बीजीएमआय' हा त्याचा भारतीय अवतार आला. बंदीने वेड जात नाही, शिस्तीने ते ताब्यात येते.

रागात हृदयाचे ठोके वाढतात, हात थरथरतो, लक्ष एकाच ठिकाणी अडकते. मग नेम चुकणारच! शिवाय हाताला लागलेले वळण झोपेत पक्के होते. जागरण करणारा स्वतःचाच सराव वाया घालवतो.

मी मुलाला म्हटले, "लागोपाठ दोन डाव हरलास की थांब. पाणी पी, खिडकीतून लांब बघ. सोबत्यांना दोष देण्याआधी स्वतःची एक चूक वहीत लिही. अकराला झोप." वडिलांना म्हटले, "चालू डावात मोबाईल हिसकावू नका. वेळ आधी ठरवा."

मात्र जेवण, झोप, अभ्यास सुटूनही खेळ सुटत नसेल, तर तो आजार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. तेव्हा रागावू नका, मुलाला डॉक्टरांकडे न्या.